दुसऱ्या गाडीचे कागद

रामच्या वर्षश्राद्धाची पानं उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि तरीही अंगणातून घरचं कुणी हललं नव्हतं. भटजी परळीच्या बसला लागले. भावकीतली माणसं हात धुऊन आली, आबासाहेबांसमोर क्षणभर उभी राहिली आणि बोलायचं ते न बोलताच गेली. धर्मापुरीत वर्षभर हेच चाललं होतं. माणसं येत, थांबत, खाली बघत आणि निघून जात. मुलगा गेलेल्या बापापुढचं हे मौन म्हणजे आदर, असं सगळे समजत होते. आबासाहेबांना मात्र प्रत्येक वेळी वाटे, समोरच्याला कळलं आहे आणि तो केवळ वयाकडे बघून गप्प आहे.

फाटकाबाहेर नवी मालवाहू गाडी उभी होती. गाड्या बांधणाऱ्या हबीबच्या शेडमधून ती आदल्या दिवशी आली, तेव्हा तिच्या फाळक्यांवरचा रंग पुरता वाळलेलाही नव्हता. समोरच्या काचेमागे तात्पुरत्या नोंदणीचा कागद चिकटवलेला होता. नंबराची पाटी कोरी. अजून कुठल्याच रस्त्यानं जिला ओळखलेलं नाही, अशी ती उभी होती. जुनी गाडी तिच्या मागे होती. तीही हबीबनेच उभी केली होती, वाकलेली चौकट सरळ करून, चेपलेली केबिन बदलून. रामचा धाकटा भाऊ तानाजी ती लातूर-परभणीच्या पलीकडे नेत नसे. राज्याची हद्द या घरानं वर्षभर ओलांडली नव्हती.

"परवा अकरा वाजता गाडी अंबाजोगाईला, आरटीओत उभी करायची," पप्पू म्हणाला. रामच्या आईच्या, सिंधुबाईंच्या बहिणीचा हा मुलगा अंबाजोगाईत गाड्यांच्या कागदांची कामं करी. ओट्यावरच्या टेबलावर त्यानं लॅपटॉप उघडला होता. "तपासनीची तारीख भेटली ती नशिबानं. ही हुकली की पुढली एकवीस दिसांनी. आदी नोंदनी, मग नंबर, मग परमिट, आनि मग दुसऱ्या राज्यात जायला नॅशनल परमिट. पन अर्ज आज भरला तरच परवाचं जमतंय."

"आज कसा भरायचा?" तानाजी म्हणाला. "घट बसायला अजून धा दिस हायेत. पितरपाट चाललाय. आपल्या घरात ह्या पंधरा दिसांत कागदाला हात लावत न्हाईत, म्हाईत हाय ना तुला?"

"म्हाईत हाय. पन धारूरच्या डोंगरात सिताफळाचे डोळे उघडायला लागलेत. त्येला सांग, पितरपाट हाय, थांब म्हनावं."

तानाजी हसला नाही. डोळे उघडलेलं सिताफळ चार दिवसांच्या वर थांबत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एकवीस दिवस गेले तर हैदराबादचा बाजार यंदाही गेला. गेल्या साली तो कसा गेला ते आठवायची तर आज सोयच नव्हती.

होळंब्यांच्या घरातली ही रीत धुळाजींपासूनची. आबासाहेबांचे वडील धुळाजी यांनी एका भाद्रपदात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, तलावाच्या मोजणीला आलेल्या साहेबापुढे अंगठा उठवला. आणि नदीकाठचं अकरा एकर रान त्या अंगठ्याएवढ्या शाईत बुडालं. पाणी पुढे तीन वर्षांनी आलं, पण धुळाजी म्हणत, रान त्याच दिवशी बुडालं. त्यानंतर या घरात पितृपंधरवड्यात सही झाली नाही, सौदा झाला नाही, साधी पावतीसुद्धा कुणी फाडून घेतली नाही. मार्केट कमिटीत एकतीस वर्षं कारकुनी केलेले आबासाहेब त्या पंधरा दिवसांत रजा टाकत. कागदावरच जगलेला हा माणूस वर्षातून पंधरा दिवस कागदाला भीत असे.

"दिसाचं नंतर बगू," अप्पाराव म्हणाले. रामच्या बायकोचे, ज्योत्स्नाचे हे थोरले भाऊ सकाळीच चकलांब्याहून आले होते आणि आल्यापासून त्यांनी पायांतल्या चपला ओट्याखाली जवळच ठेवल्या होत्या. "आदी गाडी कुनाच्या नावावर, ते बोला."

"त्यात काय बोलायचं?" तानाजी म्हणाला. "जुनी आबांच्या नावावर हाय. ही बी त्येंच्याच नावावर ऱ्हाऊ द्या. घर एक, मालक एक."

"घर एक. बरं. मग माझ्या भैनीचे दागिने ज्या गाडीत गेले, तिच्यावर तिचं नाव कावून नको?"

"नको कोन म्हनलं? वैनीचं काय आनि आमचं काय, येगळं हाय का?"

"येगळं न्हाई म्हनता, तवाच इचारावं लागतंय, तानाजीराव. पोर न्हाई, बाळ न्हाई. उद्या कोन कुनाला इचारतं? नाव लावा, न्हाईतर तिचं तिला मोकळं करा. मी घिऊन जातो चकलांब्याला. भाकरीला महाग न्हाई आमी."

ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बारावीनंतर अंबाजोगाईच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेली ही सून वर्षभरात मोजकंच बोलली होती. तिचं दुःख आवाजाचं नव्हतं. ती कामाला लागे, आणि काम संपलं की भिंतीशी बसून राही, जणू तिलाही कुणी काचेमागे चिकटवलं होतं, तात्पुरतं.

"नाव लागंल का न लागंल," ती म्हणाली, "पन माझं एक हाय. एकवीस दिस मी थांबनार न्हाई. अर्ज आज भरला तर मी हितं. न्हाईतर दादासंगं जाते."

"असं कावून, वैनी? धा दिसांनी काय बिगडतंय?"

"गेल्या साली बी धाच दिस व्हते, भावजी."

 उत्तर दिलं ते सिंधुबाईंनी. राखेनं पितळी पातेलं घासत त्या नळापाशी बसल्या होत्या आणि पातेल्याशीच बोलावं तशा बोलल्या.

"दिसाला कशाला बोल लावायचा? पोरानं बगायचं व्हतं. परमिट संपतंय, त्येचं आदीच करून घ्यायचं व्हतं. जन्मभर बापाचं बगितलं, कागद कसा जपावा ते. त्येच्याच पोटचा, आनि इसरला. इसरला तर इसरला, गाडी काडायची न्हवती. नाका चुकवून आडरस्त्यानं कशाला जायचं?"

हे त्या वर्षभर म्हणत होत्या. दळताना म्हणत, दिवा लावताना म्हणत, झोपेत कूस बदलताना म्हणत. मेलेल्या मुलावर रागावता येतं तोवर तो पुरता मेलेला नसतो, असं काहीतरी त्या आईच्या आत कुठेतरी ठरलं असावं. आबासाहेब ते ऐकत आले होते. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते थोडं अवघड झालं, महिन्यानं आणखी, आणि मग न बोलणं हीच त्या घरातली एक भिंत होऊन बसली, जिला टेकून सगळे उभे होते.

"दादाचं ध्यान नसायचं कागदाकडं," तानाजी समजुतीनं म्हणाला. "माय, जाऊ दे आता. आज तरी नको."

"ध्यान न्हवतंच," ज्योत्स्ना म्हणाली. तिच्या आवाजात धार नव्हती, थकवा होता. "म्हनून तर म्हनते. इसरनाऱ्याच्या भरवशावर मी आता काय बी ठिवनार न्हाई. मला स्वतः सांगितलं त्येंनी, उदगीरातनं फोन करून. चहाला थांबलते. म्हनले, परमिटचं माझ्याकडनंच ऱ्हायलं बघ, इसरलो. मी भांडले. म्हनलं, माघारी फिरा. शेवटचं बोलनं ते. भांडनाचं."

"मग, आबा," तानाजी बापाकडे वळला, "तुमीच सांगा. आज भरायचा का घट बसल्यावर? तुमी म्हनाल तसं."

सगळे आबासाहेबांकडे बघू लागले. पप्पूची बोटं थांबली. अप्पारावांनी मान वर केली.

'थांबा' म्हणावं, तर सून जाईल आणि रामचं उरलेलं घरही जाईल. 'भरा' म्हणावं, तर कुणीतरी विचारणारच की धुळाजींची रीत मोडायला आज असं काय झालं. आणि आज मोडता येत होती, तर गेल्या साली का नाही. दोन्ही वाटा एकाच जागी जात होत्या. तिथं राम उभा होता, त्या सकाळचा, अंघोळ करून आलेला, ओल्या केसांचा.

"राम इसरला न्हवता," आबासाहेब म्हणाले.

पातेल्यावरचा हात थांबला.

"त्यो इसरला न्हवता. बीजेच्या दिशी सकाळी माज्याकडं आलता. परमिट तिजेला संपत व्हतं. त्येनं अर्ज टाकलाबी व्हता. गाडी माज्या नावावर, म्हनून ओटीपीचा आकडा माज्या मोबाईलवर आलता. त्यो तेवडा सांगायचा व्हता. येवडंच ऱ्हायलं व्हतं." ते थांबले. "मी सांगितला न्हाई. पितरपाट हाय म्हनलं."

 गाडीच्या टपावर बसलेल्या चिमण्या उडून गेल्याचं ऐकू आलं.

"आबा," तानाजी म्हणाला. तो उभा राहिला होता आणि उभं राहून काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. "वर्सभर, आबा. वर्सभर माय त्येला बोलतीया. मी बोललोय. गावात चार मानसांत बोललोय, दादाची चूक म्हनून. तुमी बसल्या जागी ऐकलंत."

"ऐकलं."

"कसं ऐकलंत?"

 एकतीस वर्षं आबासाहेबांनी इतरांची खाडाखोड लाल शाईनं दाखवून दिली होती.

अप्पाराव उठले. त्यांनी पायानं चपला ओढल्या. "ऊठ, ज्योती. पिशवी भर. हितं आता काय ऱ्हायलंय?"

"थांब, दादा."

"थांबून काय..."

"थांब म्हनलं ना."

ज्योत्स्ना दारातून पुढे आली आणि आबासाहेबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. पदर सावरला. सासऱ्याच्या चेहऱ्याकडे तिनं असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, त्या सकाळचं समदं सांगा मला. ते काय बोलले, तुमी काय बोललात. एक शब्द गाळू नका."

आबासाहेबांना वाटलं होतं, ती रडेल, शाप देईल. हे मागणं त्यांच्या अंदाजात कुठेच नव्हतं. ते सांगू लागले, चौकशीत जबाब द्यावा तसे, क्रमानं.

"त्यो आला. म्हनला, आबा, आकडा आला का? मी म्हनलं, आलाय, पन पितरपाटात देनार न्हाई. घट बसू दे. त्यो म्हनला, आबा, आकडाच तर सांगायचाय, सही थोडीच हाय. मी म्हनलं, आकडा बी सहीच. जग बदललं म्हनून सही बदलत न्हाई. तर त्यो हसला."

"हसले?"

"हसला. म्हनला, बरं मग आजोबालाच इचारून सांगा. पितर आलेतच की घरी. पानावर बसले की इचारा, नातवाला हैदराबादला जाऊ द्यायचं का म्हनून."

ज्योत्स्नाच्या ओठांच्या कडा हलल्या. क्षणभरच, पण तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावरून एक माणूस चालत गेल्यासारखं झालं, आणि अंगणातल्या प्रत्येकानं त्याला ओळखलं.

"असंच बोलायचे," ती म्हणाली. "मग?"

"मग मी मोबाईल बंद केला आनि ट्रंकेत टाकला. चार दिस तिथंच पडून व्हता. म्हनून त्यो गेल्याचा फोन तानाजीला आला. मला न्हाई."

"मग ते?"

"पंचमीला सकाळी गाडी काडली. जाताना पाया पडला."

"काय म्हनले?"

आबासाहेबांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून सरकला. इथवर आलेलं सगळं एका परीनं सांगण्यासारखं होतं. रीत होती, भीती होती, धुळाजी होते. याच्या पुढचं तसं नव्हतं.

"म्हनला, काय काळजी करू नका. नाका टाळून जातो. उदगीरच्या पुडं आडरस्ता हाय."

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं."

"व्हतं."

"कुठल्या रस्त्यानं जानार ते बी."

"व्हतं."

"आनि जा म्हनलात?"

"सावकाश जा म्हनलं."

त्या रस्त्यावर एक अरुंद पूल होता. पावसानं पुलालगतची माती भुसभुशीत झाली होती आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला जागा देण्यासाठी रामनं गाडी कडेला घेतली होती. इतकं सगळ्यांना माहीत होतं. पूल, माती, ट्रॅक्टर: वर्षभर ही तीन नावं पुरली होती. चौथं नाव आज आलं.

ज्योत्स्ना म्हणाली, "मी तुमाला बोलंन म्हनून ते मला खोटं बोलले. घरात कटकट नको म्हनून. तुमचं झाकायला स्वतःवर घेतलं. म्हंजी ते शेवटचं जे बोलले, ते बी माझ्यासाठी न्हवतंच, मामा. तुमच्यासाठी व्हतं."

तिनं हे कुणाला दोष द्यावा अशा स्वरात म्हटलं नाही. एखादी वस्तू आपली समजून वर्षभर जपावी आणि ती दुसऱ्याची निघावी, तेव्हा माणूस ती फक्त खाली ठेवतो. तशी तिनं ती ठेवली.

नळापाशी सिंधुबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. हात राखेनं कोपरापर्यंत भरलेले. त्या नवऱ्याजवळ आल्या नाहीत. मधलं अंगण त्यांनी तसंच राहू दिलं.

"आज सकाळी पिंडाला हात जोडले," त्या म्हणाल्या. "तवा बी म्हनलं, बाळा, कागद तेवडा बगायचा व्हतास. तुमी शेजारी बसला व्हतात."

आबासाहेबांनी मान खाली घातली.

"म्या त्येला पोटभर रडले बी न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या. "रागच येत व्हता. रडाया लागले की राग यायचा. वर्स गेलं माजं त्यात."

त्या नळापाशी परत गेल्या आणि हात धुऊ लागल्या. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. राख निघून गेली तरी वाहत राहिलं. कुणी जाऊन नळ बंद केला नाही.

"पप्पू," ज्योत्स्ना उठत म्हणाली, "लिव."

"आता?"

"आता. पितरपाट हाय तोवरच लिव."

पप्पूनं तानाजीकडे पाहिलं. तानाजी ओट्याच्या पायरीवर बसला होता, हात गुडघ्यांवर लोंबते सोडून. मघापर्यंत घर एक, मालक एक म्हणणारा तो माणूस आता घराकडे पाठ करून बसला होता.

"वैनी म्हनत्यात तसं लिव," तो म्हणाला. "त्येंच्याच नावावर."

"मालकाचं नाव?"

"ज्योत्स्ना राम होळंबे," ज्योत्स्नाच म्हणाली.

"कुनाची पत्नी, ते भरावं लागतंय. राम आबासाहेब होळंबे. घालू?"

"असंच हाय ते. घाल."

"मोबाईल नंबर?"

तिनं स्वतःचा सांगितला, आकडा आकडा सुटा करून. "ह्याच्यावर काय येईल ते मी तवाच्या तवा सांगीन. अमावस्या असू दे, न्हाईतर गिरान असू दे."

"सध्याचा पत्ता?" पप्पू विचारत असतानाच अर्धा लिहूनही मोकळा झाला होता. "मुक्काम पोस्ट धर्मापुरी, तालुका..."

"खोड ते. अंबाजोगाई."

अप्पाराव पुढे झाले. "अंबाजोगाई? तिथं कोन हाय आपलं?"

"आरटीओ हाय," ती म्हणाली. "कॉलेजाच्या दिसांत ज्या बाईंकडं राहत व्हते, त्येंच्या दोन खोल्या मोकळ्या हायेत. गेल्या महिन्यात इचारून ठेवलंय. धारूर जवळ, माल भरायला सोपं."

"मला सांगितलं न्हाईस. म्हंजी चकलांब्याला येनार न्हाईसच?"

"न्हाई, दादा. तिथं आले की मी तुझी भैन व्हईन आनि गाडी तुझी व्हईल."

अप्पारावांच्या कपाळाची शीर उठली. "असा समज हाय व्हय माजा?"

"तुजा न्हाई. जगाची तऱ्हाच ती हाय. मघाशी भावजी मला घर एक म्हनत व्हते, तू भाकरीला महाग न्हाई म्हनत व्हतास. दोघांनी बी मला इचारलं न्हाई."

अप्पारावांनी पायातल्या चपला काढल्या आणि पुन्हा ओट्याच्या कडेला बसले. "लहानपनी बी अशीच व्हतीस," ते पुटपुटले. "समदं करून झाल्यावर सांगायचीस." आणि थोड्या वेळानं, "भांडीकुंडी लागतील. मी बगतो त्येचं."

"भाडेकरार लागंल पत्त्याला," पप्पू म्हणाला.

"देते उद्या. भावजी, गाडी चालवताल का माझी?"

तानाजीनं वर पाहिलं. "चालवीन."

"कागद पुरा असल्याबिगर चावी देनार न्हाई. तुमाला बी न्हाई."

"देऊ नका."

नळ थांबला. सिंधुबाई पदराला हात पुसत ओट्याशी आल्या, टेबलाजवळ, जिथं त्या कधी येत नसत. लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांना वाचता येण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी तिकडे नीट पाहिलं.

"त्या दोन खोल्यांत चूल मांडायला जागा हाय का?" त्यांनी विचारलं.

"ग्यास हाय, आत्याबाई."

"मला ग्यासची भाकर जमत न्हाई. शिकंन." मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मी बी येते. ही एकटी कावून ऱ्हाईल?"

तानाजीनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. "माय, हितं आबांचं..."

"तू हायेस की."

आबासाहेबांनी हे ऐकलं. चाळीस वर्षांच्या संसारात सिंधुबाई माहेरीसुद्धा चार दिवसांच्या वर राहिल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, आपण काहीतरी म्हणावं; पण ज्या माणसानं बोलायच्या वेळी वर्षभर तोंड मिटून धरलं, त्याला आता कोणतं वाक्य शोभलं असतं? त्यांनी शोधलं. मार्केट कमिटीतल्या एकतीस वर्षांच्या पत्रव्यवहारात, सविनय, सादर, कळावे, लोभ असावा, या सगळ्या ओळींत त्यांनी शोधलं, आणि तसं वाक्य कुठल्याच फायलीत नव्हतं.

"आता कायमचा पत्ता," पप्पू म्हणाला. "दोन्ही लिवावे लागत्यात. सध्याचा येगळा, कायमचा येगळा."

ज्योत्स्नानं घराकडे पाहिलं. ओट्याच्या कडेला उतरंडीच्या जागी आता सिताफळांचे रिकामे कॅरेट रचलेले होते; रामनं रचलेले, तसेच. मग तिनं खुर्चीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात माया नव्हती, तिरस्कारही नव्हता. विस्कटलेल्या खोलीत आपली कुठली वस्तू राहिली ते बघावं, इतकंच होतं.

"कायमचा हाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "धर्मापुरी."

आबासाहेब उठले.  सदऱ्याच्या खिशातून त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, त्याच खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडत टेबलाशी आले. जन्मात पहिल्यांदा, पितृपंधरवड्यात, त्यांचा हात कागदाकडे निघाला होता.   इतकं सोपं होतं, हे कळून त्यांना आणखीच खोल काहीतरी टोचलं.

"माजी सही कुटं करू?" त्यांनी विचारलं.

पप्पूनं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. पुन्हा एकदा पाहिलं. तो मुलगा मनानं वाईट नव्हता. कुठं एखादा रकाना सापडला असता तर त्यानं दिला असता.

"तुमची कुटंच लागत न्हाई, आबा," तो म्हणाला.

आबासाहेबांनी मान हलवली. ते मागे फिरले नाहीत. ज्योत्स्ना पुढचं सांगत होती, पप्पू लिहीत होता, सिंधुबाई आत जाऊन कपाटातून लुगडी काढत असल्याचा आवाज येत होता. आणि ते उघडं पेन हातात धरून टेबलाशी तसेच उभे राहिले, पुढचा रकाना कोणता येतो ते ऐकत.